सात-सात-सातचा उपाय

कॉम्प्युटरला लाडावून ठेवू नये, हे मत मी २००६ सालीच आमच्या घराजवळच्या बेव्हर्ली पार्कच्या कट्ट्यावर जाहीर केलं होतं. आम्ही मूळचे खारी गावचे मिठागरवाले. आमच्या जुन्या घराला कडीच नव्हती. एकदा चोर शिरला, तर आईने त्याला जेवायला वाढलं. तो इतका ओशाळला की जाताना विहीर उपसून गेला.

अशा घराण्यातला मी माझ्या खात्यातून नातीचे फोटो बघायला बसलो, तर सुनेचा कॉम्प्युटर म्हणतो, परवानगी नाही! माझ्या घरात, माझ्या विजेवर चालणारं डबडं ते!

सुचेता, म्हणजे आमची सून, अंघोळीला गेली होती आणि तिचं खातं उघडंच होतं. मी माझ्या कॉम्प्युटर क्लासची वही काढली. लिनक्समध्ये, म्हणजे तिचा कॉम्प्युटर ज्या प्रणालीवर चालतो तिच्यात, प्रत्येक फाइलवर तीन आकडे: पहिला मालकाचा, दुसरा त्याच्या गटाचा, तिसरा बाकी गावाचा. सात म्हणजे पूर्ण मोकळीक, शून्य म्हणजे पूर्ण बंदी. सुनेच्या अख्ख्या फोल्डरला मी सात-सात-सात ठोकून दिला. माझ्या खात्यातून फोटो दिसले. मिशीला पीळ दिला.

अकराला सुचेता कामाला बसली. तीन महिन्यांचं काम बाराच्या आत अंधेरीच्या ऑफिसच्या सर्व्हरवर चढवलं, तरच नोकरी पक्की होणार होती. सर्व्हरचं दार तिच्या फोल्डरातल्या एका चावीच्या फाइलने उघडायचं. त्या दिवशी उघडेना.

“बाबा, तुम्ही काही केलंत?”

“मी फक्त मोकळं केलं.”

“माझी एसएसएच की, म्हणजे सर्व्हरची चावी, आता कोणालाही वाचता येतेय. म्हणून मशीन ती वापरतच नाहीये.”

“चावी तुझी, मशीन तुझं. चार लोकांनी पाहिली म्हणून चावी बाटते होय? कसली सोवळी अवलाद आहे ही!”

तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. घरात रेंज नाही, म्हणून ती बोलायला गॅलरीत गेली. मी म्हटलं, बंदच पाहिजे ना तुला? घे. चावीला आणि चावी ठेवलेल्या फोल्डरला शून्य-शून्य-शून्य.

ती परत आली, तर आता तिलाही चावी वाचता येईना. पावणेबारा झाले होते. पोरीचे डोळे भरले.

स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवती अनसूयाबाई बाहेर आल्या. “तुमाला कोनी सांगितला व्हता हात लावाला? आदी रेडिओ मारला, मंग मिक्सर. आता पोरीची नोकरी खाताव?”

सुचेताने नाक पुसलं. फोल्डरला सात-शून्य-शून्य, चावीला सहा-शून्य-शून्य. मालकाला मुभा, बाकी सगळ्यांना भोपळा. बाराला दोन मिनिटं कमी असताना काम चढलं.

मी कोणी न सांगता कोथिंबीर आणायला खाली उतरलो. परत येतो, तर दाराला आतून कडी. आमच्या घराण्यात पहिल्यांदाच. बेल वाजवली.

“कोण?” आतून सुचेता.

“अगं, मी.”

“मालक, गट, की बाकी गाव?”

मागे अनसूया खिदळत होती. मी मान खाली घातली.

“तिसरा आकडा, बाळ. पण शून्य नको करूस. कोथिंबीर आणलीय.”