पत्ता अशुद्ध, ग्राहक समाधानी

सोमवारी सकाळी साडेदहा वाजता कंपनीने आपल्या चव्वेचाळीस हजार ग्राहकांना एक मेल पाठवला. अकरा वाजेपर्यंत त्यातले दोन हजार तीनशे अठरा मेल परत आले.

मेल परत येणं यात नवल काही नव्हतं. कंपनी इंटरनेटवरून विजेवर तापणाऱ्या शेकपट्ट्या विकत असे आणि दर सोमवारी कंबरदुखीवर चार गोड शब्द ग्राहकांना पाठवत असे. त्यातले थोडेफार परत येत आणि त्यावाचून कोणाचं काही अडत नसे. या सोमवारचा मेल मात्र निराळा होता. वायर जिथे कापडात शिरते तिथला सांधा तापून पेट घेतो, असं कारखान्याने कळवलं होतं. तेव्हा पट्टी वापरणं ताबडतोब बंद करा आणि परत पाठवा, असं लोकांना सांगायचं होतं.

तसं ते सांगितलंही होतं. फक्त ‘पेट घेतो’ हे शब्द मजकुराला शोभत नाहीत म्हणून संस्थापकांनी स्वतः बसून ते काढले आणि तिथे ‘अपेक्षेपेक्षा अधिक ऊब देतो’ असं घातलं. मेलचा विषय होता, ‘आपल्या उबदार नात्याविषयी थोडंसं’. पट्टी परत पाठवण्याची विनंती सातव्या परिच्छेदात होती, सवलतीच्या कुपनाच्या खाली.

परत आलेले मेल बघायचं काम बाईंकडे होतं. बाई बावीस वर्षं शाळेत भाषा शिकवत होत्या. पुढे मुलं कमी झाली, शाळा बंद पडली आणि बाई या कचेरीत ‘संपर्क गुणवत्ता सहायक’ म्हणून लागल्या. तो हुद्दा कोणाच्याच तोंडी बसेना, म्हणून इथेही त्या बाईच राहिल्या.

बाईंनी यादी छापून घेतली आणि सवयीने लाल पेन काढलं. काहीतरी तांत्रिक भानगड असेल असं त्यांना वाटलं होतं. बघतात तर मागच्या बाकावरच्या वह्या! ‘कॉम’च्या जागी कोणी ‘कोम’ लिहिलं होतं, कोणी ‘कॉन’. कोणाचं टिंब गळलं होतं, तर कोणी हात सैल सोडून तीन टिंबं दिली होती. एका गृहस्थांनी जिन्यासकट घराचा पत्ता घातला होता. एका आजींनी ई-मेलच्या रकान्यात ‘मुलाला विचारून सांगते’ असं लिहिलं होतं, आणि कंपनी गेली दोन वर्षं दर सोमवारी त्या पत्त्यावर न चुकता मेल पाठवत होती.

बाईंनी चार दिवसांत सतराशे पत्ते दुरुस्त केले आणि त्यांवर स्वतःच्या शब्दांत दोन ओळी पाठवल्या : ‘पट्टी वापरू नका. वायर पेट घेते.’ ज्यांचा पत्ता काही केल्या सुधारेना त्यांना त्यांनी फोन केले. ज्यांची मेलची पेटी भरली होती त्यांना ती रिकामी करायला लावली, आणि ती होईपर्यंत फोन धरून बसल्या.

पुढच्या आठवड्यात खोकी यायला लागली. आधी ती दारामागे मावली, मग जिन्यात आली, आणि बुधवारी संस्थापकांना आपल्या खोलीत आडवं होऊन शिरावं लागलं. त्यांनी बाईंना बोलावून घेतलं. शेजारी कंपनीचे वकील बसले होते.

“बाई, तुम्ही नक्की काय केलंत?”

“शुद्धलेखन तपासलं, सर.”

“जवळजवळ दोन हजार पट्ट्या परत आल्यात. ज्यांना माझा मेल व्यवस्थित पोहोचला त्या एक्केचाळीस हजारांकडून किती आल्या, माहितेय? नव्व्याण्णव. आणि ज्यांना पोहोचला नव्हता त्यांच्याकडून एकोणीसशे!”

“त्यांना कळलं म्हणून आल्या.”

“तेच तर म्हणतोय मी,” संस्थापक म्हणाले.

वकिलांनी घसा साफ केला. “बाई, नियमात ‘सूचना पाठवणे’ असा शब्द आहे. ‘पोहोचवणे’ असा नाही. आपण पाठवली. परत आलेला मेल हा तर पाठवल्याचा सगळ्यात भक्कम पुरावा. पाठवलाच नसता तर परत कुठून आला असता?”

“म्हणजे फळ्याकडे तोंड करून पुटपुटलं तरी तास झाला?”

“हजेरी घेतली असेल, तर झाला.”

त्या दिवशी संस्थापकांनी दोन वर्षांचे आकडे मागवले आणि ते बघून त्यांचे डोळे उघडले. ज्या ग्राहकांचे मेल परत येत होते त्यांच्याकडून दोन वर्षांत एकही तक्रार नव्हती. एकही वाईट अभिप्राय नव्हता. कोणी कधी काही परत मागितलं नव्हतं. बाईंनी ढवळाढवळ करेपर्यंत ते कंपनीचे सर्वांत समाधानी ग्राहक होते! असे ग्राहक वाढवायचे सोडून आपण ते कमी करत बसलो, याचं संस्थापकांना मनापासून वाईट वाटलं.

शुक्रवारी धोरण बदललं. नोंदणीच्या पानावर ई-मेलचा रकाना बारा अक्षरांचा करण्यात आला. तेराव्या अक्षरापासून पत्ता आपोआप तुटायचा आणि खाली हिरवी खूण करून ‘धन्यवाद’ यायचं. जुन्या ग्राहकांनाही आपली माहिती ताजी करायला सांगण्यात आलं. खोक्यांनी जिना अडला होता, तेव्हा परत आलेल्या पट्ट्या नव्या वेष्टनात घालून ‘अधिक ऊब’ या नावाने विकायला काढण्यात आल्या. ऊब खरोखरच अधिक होती, त्यामुळे जाहिरातीला वकिलांचा आक्षेप नव्हता.

महिन्याने नियमाप्रमाणे दुसरी सूचना गेली. नव्या नोंदींवर गेलेल्यांपैकी शेकडा शहाण्णव परत आल्या. कचेरीत टाळ्या झाल्या. व्यापारी मंडळाने ग्राहक-समाधानाबद्दल कंपनीला काचेची ढाल दिली. बाईंना नवं काम मिळालं. परत आलेल्या प्रत्येक मेलवर ‘पत्ता अशुद्ध असल्याची खात्री केली’ असा शेरा मारून खाली सही करायची. बावीस वर्षं ज्या हाताने चुकीखाली रेघ ओढली, त्याच हाताने चूक जपायची. पहिल्या दिवशी बाईंनी तीनशे सह्या केल्या.

तिसऱ्या आठवड्यात एक म्हातारे शिंपी कचेरीत आले. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. संस्थापक आणि वकील बाहेरच्या टेबलाशी उभे होते.

“पट्टीचं बघायचं होतं,” शिंपी म्हणाले. “महिन्यापूर्वी घेतली. हिची कंबर धरली होती.”

वकिलांनी त्यांचं नाव मशीनमध्ये घातलं. “आजोबा, आपल्याला चार तारखेला धोक्याची सूचना पाठवली आहे.”

“मला नाही मिळाली.”

“बरोबर आहे. ती परत आली, अशी स्पष्ट नोंद आहे. आणि आमच्या नोंदीप्रमाणे आपण समाधानी आहात.”

शिंप्यांनी गुंडाळी सोडली. आत एक चादर होती. ती त्यांनी दोन्ही हातांनी, गिऱ्हाइकाला कापड दाखवावं तशी उंच धरली. मधोमध ताटाएवढं भोक होतं, कडा तपकिरी. त्या भोकातून पलीकडचे वकील दिसत होते.

“चादरीचं काही नाही हो,” शिंपी म्हणाले. “चादर मी रफू करीन. हिच्या पाठीला काय करू?”

“तक्रार द्यायची असेल, तर नोंदवलेल्या ई-मेलवरूनच द्यावी लागेल,” वकील म्हणाले.

“ज्याच्यावर तुमचा येत नाही, त्याच्यावरून माझा कसा जाईल?”

“तो प्रश्न तांत्रिक विभागाचा.”

बाई उठल्या. त्यांनी शिंप्यांना आपल्या खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, आजींची पाठ कितपत भाजली ते विचारलं. तळहाताएवढी, ते म्हणाले. डॉक्टर म्हणे, वेळेवर जाग आली म्हणून निभावलं. बाईंनी त्यांची तक्रार स्वतःच्या अक्षरात लिहून घेतली, वकिलांची पोचसही घेतली आणि शिंप्यांना जिन्यापर्यंत सोडून आल्या. मग खुर्चीवर बसून त्यांनी काम सुरू केलं.

जुने पत्ते त्यांच्या मशीनवर होतेच. नवे, बारा अक्षरांवर तुटलेले, त्यांनी गाळलेल्या जागा भराव्यात तसे भरले. त्याला दोन दिवस लागले. त्या काळात सह्यांचं काम थांबलं आहे हे कोणाच्या लक्षात आलं नाही. गुरुवारी दुपारी बाईंनी सगळ्या सेहेचाळीस हजार ग्राहकांना मेल पाठवला. विषय : ‘पट्टी वापरू नका. वायर पेट घेते.’ आत पुन्हा तेच वाक्य, आणि खाली फोन नंबर.

सात मेल परत आले. सेहेचाळीस हजारांत सात! बाई त्या आकड्याकडे बघत राहिल्या. असा वर्ग त्यांना बावीस वर्षांत मिळाला नव्हता.

शुक्रवारी सकाळी संस्थापक धावतच आले. तोंडावरचा रंग उडाला होता. “बाई, तुम्ही आम्हाला बुडवलंत!” असं म्हणत त्यांनी बाईंच्या मशीनवर आकडे उघडले. पाठवले, पोहोचले, परत आले, असं करत त्यांचं बोट शेवटच्या रकान्यावर गेलं. उघडून वाचले : सहाशे अकरा.

संस्थापक खाली बसले. मग हसायला लागले. हसता हसता त्यांनी वकिलांना हाक मारली, आणि तेही आकडा बघून हसले.

“सहाशे अकरा! आणि मी रात्रभर तळमळत होतो,” संस्थापक म्हणाले. “उगीच त्या बारा अक्षरांचा खर्च केला. बाई, लोकांवर विश्वास ठेवायला शिका. ते वाचत नाहीत.” मग आवाज जरा सौम्य करून म्हणाले, “तरी शिस्त म्हणून उद्यापासून येऊ नका.”

ज्यांनी मेल उघडला नव्हता त्यांच्या फोन नंबरांची यादी पिशवीत घालून बाई घरी आल्या. जेवणाच्या टेबलावर त्यांनी कागद पसरले आणि स्वतःच्या फोनवरून पहिला नंबर लावला. पहिल्या तासात कोणीच उचलला नाही. मग एका बाईने उचलला.

“तुम्हाला शेकपट्टीचा मेल आला होता का?” बाईंनी विचारलं.

“आला असेल. आम्ही बघत नाही हो. रोज पन्नास येतात. खरंच महत्त्वाचं असलं की माणूस फोन करतोच.”

“मी फोनच करतेय.”

“हो, पण अनोळखी नंबर आम्ही उचलत नाही. आज चुकून उचलला गेला.”

“मग ऐका. ती पट्टी आत्ताच्या आत्ता काढून टाका. पेट घेते ती.”

“अहो, आहे आमच्याकडे पट्टी. अगदी छान चालतेय, आत्ता सासूबाईंच्या पाठीखालीच आहे. दुसरी नकोय आम्हाला,” ती बाई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

बाईंनी तो नंबर पुन्हा लावला. पुन्हा लावला. चौथ्यांदा लावला तेव्हा तिकडून त्यांचा नंबर बंद करण्यात आला होता.

त्यांनी चष्मा पुसला, त्या नावापुढे लाल पेनाने फुली मारली आणि पुढचा नंबर लावला. तो तुमचा होता. बराच वेळ वाजत राहिला. तुम्ही नंबर बघितलात, फोन पालथा ठेवलात आणि ही गोष्ट पुढे वाचायला घेतलीत.