बकरीला उशी

जसोदाच्या खोलीचे दार उघडेच असे, पण आत कोणी येत नसे. बाळंतिणीला शिवायचे नाही, हा ब्राह्मणपुरीतल्या त्या गुजर घराचा नियम होता. कुलदेवीचा दिवा आणि सगळ्यांचा स्वयंपाक सासूच्या, दगूबाईंच्या हाती. त्यामुळे हा नियम त्यांना सर्वांत कडक. त्या उंबऱ्याबाहेरून ताट आत सरकवत, "जेवी ले" म्हणत आणि वळत. सकाळी सुईण येई, मायलेकरांना न्हाऊ घाली, धुरी देई आणि पुढच्या घरी पळे. मग दिवसभर खोलीत जसोदा, बाळ आणि भिंतीवरची पाल. कापूस वेचणीचे दिवस होते. गल्लीतल्या बायका उजाडताच शेतात गेलेल्या असत, त्यामुळे बाहेरून कोणाचे भांडणसुद्धा ऐकू येत नसे.

बाळाला अंगावर घेतले की जसोदाच्या डोळ्यांत पाणी येई. दोन्ही बाजूंना चिरा पडल्या होत्या. बाळ रडू लागले की तिला आधी माया येई, लगेच भीती वाटे, आणि त्या भीतीची तिला फार लाज वाटे. सुईणीला सांगून पाहिले, तर ती म्हणाली, सगळ्यांनाच होते, दात दाबून धरायचे. आईला विचारावे, तर आई जसोदाच्या लग्नाआधीच गेलेली; म्हणून तर पहिले बाळंतपण सासरी झाले होते. सासूला विचारावे, तर दाराला लागूनच ओटीवर सासऱ्यांची बाज. पितांबर तिथे बसून घरी आलेल्या कापसाच्या ढिगाची राखण करत. त्यांचे कान असे, की परसात मांजर चालले तरी कोणाच्या घरचे ते सांगतील. त्यांच्यासमोर सुनेने बोलायचे नाही आणि दगूबाईंनीही असला विषय काढायचा नाही, हे न सांगता ठरलेले होते.

शेवटी तिने नवऱ्याला, चुनीलालला, खिडकीशी गाठून सगळे सांगितले. कान लाल होईपर्यंत तो ऐकत राहिला आणि तसाच आईकडे गेला. पण आईपुढे ते बोलायला त्याची जीभ रेटेना. काहीतरी सभ्य सांगावे म्हणून तो म्हणाला, "पोऱ्यानं पोट नही भरी ऱ्हायनं." आणि बैलगाडी जुंपून शेतात निघून गेला.

त्या दिवसापासून जसोदाच्या ताटात हाळिवाची खीर आली. मग शेपूची भाजी, मेथीचे लाडू, डिंकाचे लाडू. सासूने वाढलेले टाकायचे नाही म्हणून ती मुकाट्याने सगळे खाई. दूध मुळात भरपूर होते; आता ते मावेना. छाती दगडासारखी झाली. बाळाला नीट धरता येईना, ते घसरे, चिडे आणि गल्ली डोक्यावर घेई. ते रडणे ऐकून दगूबाई आणखी एक वाटी खीर सरकवत. रडणे वाढले की खीर वाढे, आणि खीर वाढली की रडणे.

शहाद्याला डॉक्टर होता आणि तिकडे एसटीही जायला लागली होती. पण डॉक्टर पुरुष. त्याचे नाव घरात कोणी काढले नाही. उपाय पितांबरांनीच काढला. ते मोठ्याने बोलले, म्हणजे आत ऐकू जावे.

"पोऱ्या उपाशी ऱ्हाई ऱ्हायना. सकाय त्याले मीनाबाईकडे धाडी द्या. ती पाजी त्याले."

मीनाबाई म्हणजे पलीकडच्या गल्लीतली चुलत जाऊ. तिचे स्वतःचे मूल अंगावर पीत होते आणि आणखी एकाला पुरेल एवढे दूध तिला होते. जसोदाने बाळाला घट्ट धरले. मीनाबाईचे अंग दुखत नाही. तिथे बाळ पोटभर पिईल, शांत झोपेल, तिचाच वास ओळखू लागेल. मग ते परत कशाला येईल? नको म्हणायला तिने तोंड उघडले आणि पदर तोंडात धरला.

सुईणीने सकाळी धुवायला काढलेली जसोदाची चोळी दगूबाईंनी संध्याकाळी काठीवर उचलली, तर ती वाळलेल्या दुधाने कडक झाली होती आणि दोन्ही बाजूंना रक्ताचे डाग होते. मग ओटीवर येऊन नवऱ्याला म्हणाल्या, बाळाला लगेच धाडायला नको. वरच्या दुधाला बकरी आणते, तेवढे करून बघू. शेळ्या राखणाऱ्या भिला नावाच्या माणसाकडे त्या स्वतःच गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी जसोदाच्या खोलीमागे, परसात बकरी बांधली गेली. ओटीवरून परस दिसत नसे आणि जसोदाच्या झरोक्यातून फक्त आकाश दिसे. बकरी मात्र दोघांनाही ऐकू येई. ती जी ओरडायला लागली, ती थांबेचना.

"कसाले वरडी ऱ्हायनी बाई?" दगूबाई भिंतीजवळून तिला विचारत होत्या. "दूध कमी नही शे तुले. जास्त व्हयनं म्हनीसन दुखी ऱ्हायनं. ऊन पानीमा फडकं बुडाव, शेकी ले. मंग हातवरी थोडं काढी टाक. नरम पडनं का मंगच पिलूले ले."

आत जसोदाने मान वर केली. बाळाच्या अंघोळीचे ऊन पाणी कोपऱ्यात होते. फडके तर हाताशीच होते.

"आनि नुसतं टोक नको देऊ त्याले," दगूबाई बकरीला सांगत राहिल्या. "तोंड मोठं उघाडू दे, मंग भरीसन दे. दुखनं ते वढू नको. तोंडमा बोट घाल नि सोडावी ले."

ओटीवर पितांबरांना राहवेना. म्हशी, गाई, शेळ्या त्यांनी जन्मभर सांभाळल्या होत्या. सुनेच्या दुखण्यावर ते मरेपर्यंत एक शब्द बोलले नसते, पण जनावराची गोष्ट निराळी. "एकच बाजू नको पाजू म्हना तिले," ते तिथूनच ओरडले. "आनि पाज्यावर आपलंच दूध लाई ठेव चिरासले. म्हैसले बी त्यानाच गुन येस."

"आयकं का वं?" दगूबाईंनी बकरीला विचारले. बकरी ओरडली. "आनि पाठमांगे उशी ठेव. वाकू नको, पिलूले वर ले."

ओटीवर बाज करकरली.

"बकरीले उशी?" पितांबर म्हणाले.

"कंबर दुखस तिन्ही."

त्या दिवसापासून खीर बंद झाली. सासूबाई सकाळ-दुपार बकरीशी बोलत आणि जसोदा ऐकून तसे करी. पहिल्या दिवशी दुखलेच, पण ओठ चावावे लागले नाहीत. मग चिरा भरू लागल्या. एका दुपारी बाळ पिता पिताच झोपले, तोंडाच्या कोपऱ्यातून दूध ओघळत होते, आणि घर इतके शांत झाले की पितांबरांनी दोनदा खाकरून पाहिले. मीनाबाईचे नाव पुन्हा निघाले नाही. जसोदाला त्या न पाहिलेल्या बकरीचा लळा लागला. तिचे पिलू कुठे असेल, या विचाराने तिला वाईटही वाटे.

बारसे झाले आणि भिला बकरी न्यायला आला. दोर सोडता सोडता तो दगूबाईंना म्हणाला, "माय, एक इचारू का? घरमा बाळ, आनि दूधवाली बकरी सोडीसन तुम्ही हाईच कसाले मांगी? हाई ते आजून एकदाबी व्याई नही. नुसती वरडस."

"तेच पाहिजे व्हतं," दगूबाई म्हणाल्या. "ने आते."

झरोक्याखाली जसोदा बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. तिने पाठीमागच्या उशीला हात लावून पाहिला. ओटीवर पितांबरांनीही शब्दन्‌शब्द ऐकला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दगूबाई विहिरीवर गेल्या होत्या. घरात दुसरे कोणी नव्हते आणि परस रिकामा होता. पितांबर कापसातली कवडी, म्हणजे किडलेला पिवळा कापूस, वेचून बाजूला काढत होते. ढिगाकडेच बघत ते म्हणाले, "बकरी कशी शे आते?"

जसोदाने पदर पुढे ओढला.

"बरी शे, मामाजी," ती आतून म्हणाली.

पितांबरांनी मान हलवली. मग उठून त्यांनी बाज उचलली आणि ओटीच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन टाकली. तिथून फक्त रस्ता ऐकू येई. विहिरीवरून आलेल्या दगूबाईंनी बाजेची रिकामी जागा पाहिली, नवऱ्याची पाठ पाहिली, डोक्यावरचा हंडा खाली ठेवला आणि जसोदाच्या उंबऱ्यावर फतकल मारून बसल्या.

"सांग आते," त्या म्हणाल्या, "चुन्या झाया तव्हय मन्हं काय व्हयनं व्हतं ते तुले म्या सांगू, का आदुगर तू सांगस?"