धाकल्या राजांच्या पाळण्याची हकीकत

श्रीगजवदन कृपा करो, आणि लिहिणाराच्या हातून अधिकउणें न घडो. शके सतराशें दोन, शार्वरी नाम संवत्सरीं, हेमंत ऋतूंत, डोंगरांआडच्या एका लहान राज्यांत जें वर्तमान जाहलें तें यथास्थित लिहिलें असे.

त्या राज्यीं राजे रायभानजी आणि राणी दर्याबाईसाहेब नांदत होतीं. त्यांस बहुत नवसांनीं एक पुत्र जाहला, नांव सुभानजी. त्याजकरितां सागवानी पाळणा घडविला, आणि तो उभा राहूं लागला तेव्हां पांगुळगाडा करविला, आणि शिकारखान्यांतील मैना नांवाची कुत्री आपखुषीनें पाळण्यापाशीं येऊन बसली, ती तेथून हलेना. मग देवीची साथ आली आणि धाकले राजे कैलासवासी जाहले. राजांनीं त्या दालनास कुलूप घातलें, आणि पुत्राचें नांव कोणीं घेऊं नये ऐसा हुकूम केला, आणि आपणही घेतलें नाहीं. बाईसाहेबांनीं हुकूम पाळिला, परंतु त्यांची अन्नावरील वासना गेली, आणि राजाराणींत बोलणें म्हणजे कारभाराचें तेवढेंच उरलें.

कुत्री मात्र कुलपापुढें फरशीवर पडून राही. वर्षें लोटलीं, ती म्हातारी जाहली, मागचे पाय आखडले, आणि थंडींत उठतांना विव्हळूं लागली. सेवकांनीं तीस तबेल्यांत गवतावर नेलें, तर ती फरफटत पुन्हा दाराशीं आली. तें बाईसाहेबांनीं पाहिलें, आणि राजांकडे जाऊन किल्ली मागितली. किल्ली कशास, ऐसें राजांनीं पुसिलें. पाळण्याचें अंथरूण करावयाचें आहे, मैनेसाठीं, ऐसें त्यांनीं सांगितलें. राजांस क्रोध आला. वंशाचा पाळणा कुत्र्यास द्यावा ऐसें कोणत्या घरीं जाहलें, म्हणाले. त्यावर बाईसाहेब शांतपणें बोलल्या, "आपण दोघें त्या दारापुढून मान फिरवून जातों. ती एकटी तिथें बसते. तिला तरी थंडी नको." राजांनीं कमरेची किल्ली काढून त्यांच्या हातीं दिली.

मग विठोजी सुतारास बोलाविलें, आणि पाळण्याच्या साखळ्या उतरविल्या, आणि एका बाजूचा कठडा कापून काढिला, जेणेंकरून म्हातारीस पाय फार उचलावा न लागे. आणि पांगुळगाडा मोडून त्याच्या लाकडाचे बुटके पाय केले, म्हणजे फरशीची ओल वर न चढे. कापलेली कड बाईसाहेबांनीं स्वहस्तें घासून गुळगुळीत केली, कापूस पिंजवून गादी भरली, आणि वर धाकल्या राजांची गोधडी घातली. घालतांना हात थांबला, मग घातली.

सर्व सिद्ध जाहलें आणि कुत्रीस आणिलें, तर ती आंत पाय ठेवीना. बाईसाहेबांनीं चुचकारिलें, दूधभात दाखविला, तरी ती कडेस नाक लावून उभी, पाय थरथरत आहेत, परंतु आंत जाईना. कारण ऐसें कीं, धाकले राजे तान्हे असतां तिणें एकदां पाळण्यांत तोंड घातलें होतें, आणि राजांनीं दरडाविलें होतें. ती मर्यादा तिणें पुढें कधीं मोडिली नाहीं. राजे हें दारांतून पाहत होते. मग ते आंत आले, आणि फरशीवर बसले, आणि तिची मान हातीं धरून म्हणाले, "मैने, जा आंत. सुभान नाहीं आतां त्यांत. सुभान गेला."

ऐसें बोलतांच कुत्रीच्या मानेंत तोंड घालोन ते रडूं लागले. बाईसाहेब त्यांजपाशीं खालीं बसल्या आणि पाठीवर हात ठेविला. मग कुत्री हळूंच आंत चढली, जागच्याजागीं फिरली, आणि गोधडीवर अंग टाकून निजली.

येणेंप्रमाणें जाहलें. मैनेनें तो हिवाळा उबेंत काढिला आणि होळीचे सुमारास देह ठेविला. राजांस पुढें संतति जाहली नाहीं, राज्य दत्तकाकडे गेलें. परंतु राजाराणी सांजवेळीं त्या दालनांत बसूं लागलीं, आणि लेक प्रथम "आई" म्हणाला कीं "आबा" म्हणाला, यावर दोघांत वाद चाले, तो अखेरपर्यंत मिटला नाहीं.