कशावरनं?

आमचे घरमालक मन्मथप्पा यांचे साडू वारले, तेव्हा धारूरहून एक माणूस निरोप घेऊन आला. उन्हातून आलेला, घसा कोरडा पडलेला. पायरीवर बसत तो म्हणाला, "अप्पा, शिवलिंगप्पा गेले." मन्मथप्पांनी भुसार दुकानाच्या गादीवरून त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "कशावरनं?"

तो बिचारा गांगरला. "कशावरनं म्हंजे? सकाळी च्या पिले आन् गेले."

"डाक्टरनं बघितलं का?"

"सगळं गाव जमलंय की अप्पा!"

"गाव काय, कशालाबी जमतंय."

आत काकूंनी हंबरडा फोडायला तोंड उघडलं होतं. अप्पा आत वळून म्हणाले, "थांब. आधी बघून येऊ, मग रड." एसटीत सगळी वाट त्या माउलीनं तोंडात पदर कोंबून काढली. तिथं गेल्यावर अप्पांनी साडूच्या नाकाशी बोट धरलं, नाडी बघितली, आणि मग बायकोला मान हलवून परवानगी दिली. नंतर स्वतः अप्पाही रडले, असं काकू सांगतात. मी ते पाहिलेलं नाही, आणि अप्पांच्या घरात राहून न पाहिलेलं खरं मानायची माझी सवय पार मोडली आहे.

मी त्यांचा भाडेकरू. केजहून धारूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव, आणि गावाच्या टोकाला नवंकोरं कॉलेज. तिथं मराठी शिकवायला लागलो आणि खोली बघायला अप्पांकडे आलो. पहिलाच प्रश्न, "तुमी मराठीचे सर हाय कशावरनं?" मी नेमणुकीचा कागद काढला. त्यांनी तो उन्हात धरून पाहिला, वास घेतला. "कागद कुणीबी छापतंय. जरा निबंध म्हना." अहो, एम. ए. झालेला माणूस मी! उंबऱ्यात उभा राहून 'माझा आवडता प्राणी' वर बोललो, तेव्हा वरची खोली मिळाली. राग आला होता, पण गावात दुसरी खोली नव्हती.

ते दिवस असे की गावात रोज काहीतरी नवं येत होतं आणि अप्पांना रोज नवं काम लागत होतं. परदेशी थंड पेयाची बाटली आली, ती त्यांनी महिनाभर दुकानात ठेवून तिच्यात काही हलतं का ते पाहिलं. रंगीत टीव्ही आला, तर म्हणाले, "त्या बाईची साडी खरंच हिरवी हाय कशावरनं?" एसटीची पाटी वाचून ते गाडीत चढत नसत. पाटी वाचायचे, कंडक्टरला विचारायचे, मग आत बसलेल्या एखाद्या बाईला विचारायचे, आणि गाडी सुटल्यावर पुन्हा ड्रायव्हरला. एसटीडीच्या काचेच्या खोलीतून लातूरला दिलेल्या लेकीला फोन लावला की आधी तिची परीक्षा. "महानंदाच बोलतीस कशावरनं? आपल्या म्हशीच्या कपाळाला काय हाय सांग." ती बिचारी सासरच्या माणसांत उभी राहून "पांढरा टिळा" म्हणायची, मग खुशाली सुरू.

या सगळ्याची मला सवय झाली. एकाच खोडीचा उलगडा होत नव्हता. गावात अनोळखी माणूस दिसला, त्यातून साठीकडे झुकलेला असला, की अप्पा त्याचे कान बघायचे. तोंड नाही, कान. बाजाराच्या दिवशी दुकान सोडून माणसाभोवती एक चक्कर मारायचे. फेट्यात कान झाकलेले असले तर गडबड. मग त्याला बोलावून पाणी द्यायचे आणि म्हणायचे, "लई उकडतंय मामा, फेटा काढा की." एका बैलाच्या व्यापाऱ्यानं तर चाबूक उगारला होता. मी एकदा विचारलं, "अप्पा, चोर कानावरून ओळखू येतो काय?" ते म्हणाले, "वळखू येनारा कानावरनंच वळखू येतो." मी नाद सोडला. असतात म्हाताऱ्यांचे चाळे.

आणि मग ती भानगड झाली. एका सकाळी गावातले सगळे टीव्ही मुंग्या दाखवू लागले. केबलवाल्याच्या ऑफिसात चोरी झाली होती. केबलचा डबा, रंगीत टीव्ही, सगळं साफ. त्या दिवशी क्रिकेटची मॅच. एरवी घरातलं धान्य गेलं असतं तरी गाव इतकं पेटलं नसतं. मागच्या भिंतीवर काचा रोवलेल्या होत्या, काचांना रक्त लागलेलं होतं. पोलिसांनी संध्याकाळच्या आत कॉलेजच्या कबड्डी संघातली तीन पोरं उचलली, आणि सरावाच्या चड्डीवरच बाजारातून चालवत नेली.

कारण काय, तर ही पोरं रोज पहाटे त्या भिंतीमागच्या बोळातून पळायला जायची, आणि तिघांचेही गुडघे फुटलेले होते. वर हळद लावलेली. "गुडघे बघा, गुडघे!" बाजार ओरडत होता. पुढे चाललेला केरबा आमचा कॅप्टन. डोंगराकडच्या धनगराचा पोरगा, बाप मेंढरं घेऊन फिरणारा. परळीला विभागाच्या स्पर्धा तोंडावर आल्या होत्या. तिथलं प्रमाणपत्र मिळालं तर खेळाडूंच्या जागेतून त्याला पोलिसात भरती व्हायचं होतं. पोलीस व्हायला निघालेलं पोर पोलिसांनीच दंडाला धरून नेलं.

क्रीडाविभाग माझ्या गळ्यात होता, कारण नवीन माणसाच्या गळ्यात काहीही अडकवता येतं. दुसऱ्याच दिवशी प्राचार्यांच्या खोलीत संस्थेची बैठक बसली. ठराव एकच. तिघांची नावं कॉलेजातून काढून टाकायची, म्हणजे संस्थेचं नाव खराब होणार नाही. नाव गेलं की परळी गेली, परळी गेली की केरबाची भरती गेली. हे सगळ्यांना ठाऊक होतं. कॉलेजला पंखे दिले म्हणून अप्पाही संस्थेत होते. गावातला सगळ्यात संशयी माणूस आलाय म्हटल्यावर ठराव चहाच्या आत मंजूर होणार, असं मी धरून चाललो होतो.

अध्यक्ष म्हणाले, "पोरांनी चोरी केली, हे लाजिरवाणं आहे."

"कशावरनं?" अप्पा म्हणाले.

"अहो, पोलिसांनी पकडलंय!"

"पकडलं म्हंजे पकडलं. केलं कशावरनं?"

"गुडघे फुटलेत ना त्यांचे."

अप्पा उठले. "चला मैदानावर." अध्यक्षांचं पोट पुढे, संस्था मागे, अशी वरात भर उन्हात मैदानावर गेली. आमचं मैदान म्हणजे निव्वळ मुरूम. गाळाची माती टाकू टाकू म्हणत संस्थेनं तीन वर्षं ढकलली होती. अप्पांनी उरलेल्या सगळ्या पोरांना ओळीत उभं केलं आणि म्हणाले, "गुडघे दावा." एकाचा धड असेल तर शपथ! सगळ्यांच्या गुडघ्यांना खपल्या, सगळ्यांना हळद.

"ह्येंनाबी धरा मंग," अप्पा म्हणाले. मग प्राचार्यांकडे वळले. "साहेब, तुमी सकाळधरनं लंगडताय कावून?"

प्राचार्य लाल झाले. "परवा स्कूटरवरून पडलो. सांगतोय ना मी!"

"पोरंबी सांगतेत ना."

पुढे बराच आरडाओरडा झाला. कुणीतरी म्हणालं, अप्पांचा एवढा विश्वास असेल तर त्यांनीच पोरांची हमी घ्यावी. तेव्हा अप्पा चिडले. "इस्वास? म्या कुनावर ठिवलाय आजपतूर? पोरांनी केलं न्हाई, असंबी म्या म्हनत न्हाई. मला ठाव न्हाई. तुमालाबी न्हाई. ठाव नसताना पोराचं नाव कसं काढता, येवढंच सांगा."  कोर्टाचा निकाल लागेपर्यंत नावं राहू द्यावीत, असं नाइलाजानं ठरलं.

गावाला हे पटलं नाही. जो माणूस बायकोनं केलेल्या चहात साखर आहे कशावरून म्हणतो, तो चोरांची बाजू घेतो, म्हणजे पाणी मुरतंय. केरबाच्या बापानं बोकड पोचवला असणार, असं एक जण म्हणाला. अप्पांच्या घरात मांस शिजत नाही हे लक्षात आल्यावर बोकडाचं घोंगडं झालं. खोटं कशाला सांगू, मलाही शंका होती. रोज दिवेलागणीला अप्पा धोतराच्या सोग्याखाली काहीतरी लपवून बाहेर पडत. एकदा मी मागोमाग गेलो. अप्पा पोलीस चौकीत शिरले आणि सोग्याखालून धपाट्यांचं फडकं काढलं. कोठडीबाहेरच्या बाकावर ते ठाण मांडून बसले. पोरांनी शेवटचा तुकडा गिळेपर्यंत हलले नाहीत. हवालदार म्हणाला, "ठिवून जा की अप्पा, देतो आमी." अप्पा म्हणाले, "कशावरनं?"

खाऊन झाल्यावर मात्र त्यांनी गजांतून केरबाला दरडावून विचारलं, "तू चोरलं न्हाईस कशावरनं बे?" पोरगं रडायला लागलं. म्हणालं, "माझ्याकडं काय पुरावा असनार, अप्पा?" अप्पांनी फडकं झटकून घडी केली. दुसऱ्या दिवशी बाकी दोघांना घरच्यांनी सोडवलं, पण केरबाच्या जामिनावर सही करायला गावात कुणी मिळेना, तेव्हा अप्पांनी केली. आधी कागद उलटा धरूनही वाचून पाहिला, ते वेगळं.

परळीला आम्ही गेलो. अप्पाही आले. आयुष्यात कधी खेळ न पाहिलेला माणूस भर दुपारी छत्री उघडून पहिल्या रांगेत. गावची बातमी आमच्या आधी पोचली होती. केरबा चढाईला निघाला की प्रेक्षकांतून "चोर! चोर!" असा घोष व्हायचा, आणि त्याचा दम अडखळायचा. मला त्या लोकांचा इतका संताप आला की विचारू नका. अप्पांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी पंचाला धरलं. "बाद झाला कशावरनं? तुमी बघितलं का? कुठं लागला हात?" शेवटी पंचानं छत्रीवाल्या आजोबांना बाहेर काढण्याची धमकी दिली, तेव्हा प्रेक्षक हसले आणि चोर चोर थांबलं. आम्ही फायनलला हरलो. हरलो हे अप्पांना अजून मान्य नाही. पण उपविजेत्यांचं प्रमाणपत्र मिळालं, आणि पुढे त्यावरच केरबा भरती झाला. तोवर ती केस कोर्टात उडाली होती. खरा चोर कधी सापडला नाही. केरबा पेढे घेऊन आला तेव्हा अप्पांनी पेढा मोडून अर्धा आधी त्यालाच खायला लावला, आणि म्हणाले, "कोर्टानं सोडलं म्हंजे केलं न्हाई कशावरनं?" केरबा आता हसायला शिकला होता.

पण मला सांगायचंय ते परळीच्याच संध्याकाळचं. बक्षीस समारंभ उरकला, पोरं एसटी स्टँडकडे निघाली, आणि अप्पा गायब. शोधत शोधत रेल्वे स्टेशनवर गेलो. अप्पा बाकावर बसले होते, छत्री दोन्ही पायांत धरून. धोतरावर परळीच्या वीज केंद्रातून उडणाऱ्या राखेची बारीक पूड बसलेली. समोरून माणसं जात होती आणि अप्पा त्यांचे कान बघत होते.

"अप्पा, इथं काय करताय? आपली एसटी चुकेल."

"त्यो हितनंच गेलता," अप्पा म्हणाले.

"कोण?"

"गुरुलिंग. माजा धाकटा." मी दोन वर्षं त्यांच्या घरात राहत होतो. त्यांना भाऊ होता हे मला माहीत नव्हतं. "कालेजात शिकत व्हता भाईरगावी. पैलवान. कुस्तीनं दोनी कान मोडून गोळा झालते. तिथं कुनाची सायकल गेली. पोलिसांनी ह्येला उचलला. दांडगा गडी दिसला की आधी त्यालाच उचलतेत. मानूस दुकानावर आला आन् म्हनला, अप्पा, तुमच्या भावानं सायकल चोरली."

त्यांनी छत्रीची मूठ उगाच पुसली.

"तवा म्या इचारलं न्हाई, सर."

"काय विचारलं नाही?"

"तेच. जे समद्यांला इचारतो ते."

मी बाकावर त्यांच्या शेजारी बसलो.

"सुटून घरी आला. म्या कडी काढली न्हाई. आतनंच म्हनलो, चोराला ह्यो उंबरा न्हाई. लई येळ हुबा व्हता. दादा, ऐक तर, म्हनत व्हता. मंग हितं आला आन् गाडीत बसला. सायकल पुढं घावली. मालकाच्याच मेव्हन्याकडं व्हती." अप्पांनी नाक शिंकरलं. "तोंड बदलतंय सर. केस जातेत, दात जातेत. पर पैलवानाचा मोडलेला कान मरस्तवर तसाच ऱ्हातोय."

तेवढ्यात गाडी आली. अप्पा उठले आणि डब्यांच्या कडेकडेनं चालू लागले. प्रत्येक खिडकीशी थांबत, आत वाकून बघत. लोक वैतागत होते, एक बाई तर खेकसली. मी मागे मागे चालत होतो, आणि पहिल्यांदाच मीही खिडक्यांतले कान बघत होतो. गाडी सुटली. अप्पा परत येऊन त्याच बाकावर बसले. त्या म्हाताऱ्या माणसाची मला फार दया आली आणि त्या भरात मी नको ते बोलून गेलो.

"अप्पा, इतकी वर्षं झाली. ते आता... असतील का हो? नसतीलच कदाचित."

अप्पांनी वर पाहिलं. तोच शब्द आला, पण तो दुकानातला आवाज नव्हता. काहीतरी मागावं तसं त्यांनी विचारलं.

"कशावरनं?"

"नाही अप्पा," मी घाईघाईनं म्हणालो, "पुरावा काहीच नाही."

"मंग!" ते म्हणाले. छत्री टेकत उठले आणि पुढची गाडी किती वाजता येते, ते आधी हमालाला, मग चहावाल्याला, आणि मग स्टेशनमास्तरांना विचारून आले.