सोलो तूच वाजव!

भांडणाऱ्या माणसांना एकत्र आणणं हा माझ्या डाव्या हातचा मळ आहे, असं मी परवापरवापर्यंत छातीठोकपणे सांगत असे. धंदाच तसा आहे. मी रेकॉर्डिस्ट. घराच्या मागच्या दोन खोल्यांत माझा स्टुडिओ. गाणारा म्हणतो वाजवणारा बेसूर, वाजवणारा म्हणतो गाणारा बेताल, आणि दोघांची समजूत घालता घालता गाणं तयार होतं.

त्यामुळे बायको जेव्हा म्हणाली, "बाबा आणि काका, दोघांचा मिळून एक अल्बम करायचाय," तेव्हा मी म्हणालो, "एवढंच ना? चुटकीसरशी करून देतो!"

बायको माझ्याकडे बघतच राहिली. लग्नाच्या दिवशीही तिने इतक्या काळजीने माझ्याकडे बघितलं नव्हतं.

कारण सांगतो. माझे सासरे आणि हे काका, म्हणजे त्यांचे लहानपणचे मित्र, तरुणपणी जोडीने गिटार वाजवायचे. ब्लूज आणि जुन्या, साध्या वळणाचं रॉक. ब्लूज म्हणजे आपलं दुःख एका ओळीत सांगायचं, कुणी ऐकलं नसेल म्हणून तीच ओळ पुन्हा सांगायची, आणि मग कुणाच्या तरी डोक्यावर खापर फोडून मोकळं व्हायचं. आमच्या घरात हे रोज चालतं, फक्त साथीला गिटार नसते.

तर त्यांच्या शेवटच्या कार्यक्रमात काकांनी सोलो सुरू केला. सोलो म्हणजे एकाने मोकळा हात सोडायचा आणि बाकीच्यांनी साथ धरायची. काकांनी हात सोडला तो सोडलाच! सासरे स्टेजवरून उतरले, चहा पिऊन परत आले, तरी सोलो चालूच. मग सासऱ्यांनी मागे जाऊन काकांच्या अँपची, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या खोक्याची, वायर उपटली. तेव्हापासून दोघांमधून विस्तव जात नव्हता.

"पण बाबांची बोटं आखडायला लागलीत रे," बायको हळूच म्हणाली. "शर्टाचं बटणसुद्धा मला लावून द्यावं लागतं. आता नाही झालं तर राहूनच जाईल."

मी काकांना फोन लावला. "बाबांनी बोलावलंय तुम्हाला!" मग सासऱ्यांना सांगितलं, "काका स्वतःहून येतायत!" दोघेही आले. म्हटलं, बघा! आहे काय त्यात!

ड्रम आणि बास गिटार मी आधीच रेकॉर्ड करून, आमच्या भाषेत 'भरून', ठेवले होते. दोघांना दोन खोल्यांत बसवलं. मध्ये काच. एकमेकांची गिटार कानावरच्या हेडफोनमध्ये ऐकू येई, पण बोलणं फक्त बाहेर पॅसेजमध्ये बसलेल्या मला. ही योजना माझीच! बोलायचं ते माझ्यामार्फत.

पहिलं गाणं संपतंय तोच सासरे कडाडले, "त्या लांब्याला विचार, गिटार वाजवतोय की कपाट सरकवतोय?"

मी बटण दाबून काकांना म्हणालो, "बाबा म्हणतात, काय वजन आहे हाताला!"

काकांचा हात तारेवरच थांबला. "गोट्या असं म्हणाला?"

"शब्दशः."

"हं. बाकी त्याच्या तारा गंजल्यात की तोच गंजलाय, विचार जरा."

मी सासऱ्यांना सांगितलं, "काका म्हणतात, असं जुनं, मुरलेलं वाजवणं हल्ली कानावर पडत नाही."

सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला.

मग काय, मला चेवच चढला! शिवी आत, स्तुती बाहेर. गिरणीत दळण टाकावं तसं! पुढच्या बैठकीला दोघांनी काचेतून एकमेकांना हात केला. त्याच्या पुढच्या वेळी काका सासऱ्यांसाठी गुडघ्याला चोळायचं तेल घेऊन आले. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. मी कॉलर ताठ केली.

आणि तिथेच घोळ झाला. गाण्यात सोलोची जागा आली. ड्रम वाजतायत, बास वाजतोय, आणि हे दोघे नुसती साथ धरून एकमेकांकडे बघून हसतायत!

"बाबा, सोलो?"

"त्याला घेऊ दे. एवढ्या मोठ्या मनाचा माणूस! मी मध्ये कशाला लुडबुडू?"

"काका, सोलो?"

"गोट्या असताना मी? माझी काय बिशाद!"

एक गाणं नाही, सगळी गाणी अशीच! दारात उभं राहून 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करणारे दोन पाहुणे, आणि आत कुणीच जात नाही. मी परोपरीने विनवलं. मी जितकं विनवावं तितका दोघांचा विनय वाढत गेला!

बायकोने ऐकलं आणि ती म्हणाली, "हा अल्बम आहे की गिटारच्या क्लासचा गृहपाठ?"

शेवटी ठरवलं, आता खरं बोलायचं. बटण दाबलं. "बाबा, काका विचारतायत, तुमच्या तारा गंजल्यात की तुम्ही?" दुसरं बटण. "काका, बाबा विचारतायत, गिटार वाजवताय की कपाट सरकवताय?"

यात खोटं काहीच नव्हतं. फक्त थोडं शिळं होतं.

सासऱ्यांचा चेहरा लाल झाला. गाणं चालू होतंच. ज्या बोटांना शर्टाचं बटण लावता येत नव्हतं ती बोटं तारांवर अशी धावली की मी खुर्चीतून उठलो! त्यांनी सवाल टाकला, काकांनी तो तिथल्या तिथे परतवला. मग जी जुंपली! भरून ठेवलेले ड्रम संपले, बास संपला, तरी हे दोघे थांबेनात. माझ्या मागे बायको येऊन उभी होती, तिने माझा दंड घट्ट धरला होता.

मग एकदम शांतता. दोन्ही दारं धाडकन उघडली.

"मी गंजलोय?"

"मी कपाट सरकवतो?"

"ते मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो!"

"मीही पहिल्याच दिवशी!"

काका थबकले. "मग माझ्या हाताला वजन आहे, असं कोण म्हणालं?"

"मी तरी नाही! आणि तू स्वतःहून आलास ना?"

"मी? तूच बोलावलंस!"

दोघेही सावकाश माझ्याकडे वळले.

"चहा घेणार?" मी विचारलं.

"गोट्या," काका म्हणाले, "जावई कुणी निवडला?"

"पोरीने."

"तरीच!"

दोघे एकाच खोलीत शिरले आणि दार लावून घेतलं. चहा घेऊन बायको आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही. आतून खिदळणं ऐकू येत होतं. मग फर्मान सुटलं, "हे भर!" आणि मी, या दोन हातांनी, ते गाणं भरलं:

*जावई आमचा गोड बोलतो, शब्दाशब्दाला साखर,*
*जावई आमचा गोड बोलतो, शब्दाशब्दाला साखर,*
*मुंग्या लागल्या घराला साऱ्या, केरसुणी आण लवकर!*

अल्बम निघाला. सगळी गाणी पुन्हा वाजवली गेली, दणदणीत सोलोंसकट. पण लोकांना आवडलं ते हेच. आता किराणावालाही मला साखर देताना गालातल्या गालात हसतो.

परवा बायको कपड्यांच्या घड्या घालता घालता तेच गुणगुणत होती. मी चिडून म्हणालो, "अगं, जरा तरी लाज! तुझ्याच नवऱ्यावर रचलंय ते!"

"माहीत आहे," ती टॉवेल झटकत म्हणाली. "मुंग्यांची ओळ मीच सुचवली होती."