तळमळीचा दाखला

लोकसेवेची तळमळ माणसाच्या आत असते आणि म्हणूनच ती बाहेरून तपासावी लागते. पेन्शनवाले दरवर्षी आपण हयात असल्याचा दाखला देतात. त्याच धर्तीवर प्रत्येक सभासदाने आपली तळमळ हयात असल्याचा दाखला दरवर्षी घ्यावा, नाहीतर खुर्ची सोडावी, असा दूरदर्शी नियम नगरपालिकेने केला. (सभासद नसलेल्या माणसाला तळमळ असली तरी हरकत नाही. तिची नोंद होत नाही, इतकंच.)

अर्ज अगदी सोपा. सेवा करतानाचे तीन फोटो, चेहरा कॅमेऱ्याकडे. एका फोटोत म्हातारं माणूस हवं, पण ते स्वतःच्या घरातलं नको. शिवाय दोन नागरिकांच्या सह्या, की अर्जदाराला तळमळताना आम्ही समक्ष पाहिलं आहे. गेल्या वर्षी चाळीसपैकी चाळीस सभासदांत तळमळ आढळली. त्यातले एक आधीच वारले होते, पण त्यांचे कागद चोख होते.

यंदा अडलं ते नळभाऊंचं. नळभाऊ धंद्याने प्लंबर, सभासदकीचं पहिलंच वर्ष. वीस वर्षं वॉर्डातले नळ दुरुस्त केले म्हणून लोकांनी निवडून दिलं, तर या भल्या गृहस्थाने तेच काम पुढे चालू ठेवलं! खिशात सतत पाना.

"अहो, शोभतं का हे?" बायको म्हणायची. "पलीकडच्या वॉर्डातल्या साहेबांचे हात बघा, कसे स्वच्छ असतात."

नळभाऊंना ते पटायचं. पण वॉर्डातली गंजून चाळण झालेली मोठी लाईन बदलून घ्यायची, हा त्यांचा ध्यास होता आणि त्यासाठी खुर्ची टिकायला हवी होती.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ते नगरपालिकेच्या खिडकीशी उभे राहिले. खिडकी एकला बंद होते. आतल्या बाईंनी फोटो पाहिले. एकात सिंकखालून आलेला हात, दोनात नुसते पाय.

"भाऊ, पाय कुणाचेही असू शकतात हो."

"माझेच आहेत, बाई."

"आणि सह्या?"

सह्यांसाठी नळभाऊ शेजाऱ्यांकडे जाऊन आले होते. शेजारी तत्त्वाचा माणूस. तो म्हणाला, "तुम्ही येता, काम करता, जाता. तळमळताना मी काही तुम्हाला पाहिलं नाही. खोटी सही कशी करू?"

बाई स्वभावाने चांगल्या. रांगेतल्या दोघांना त्यांनी सह्यांना तयार केलं, बाकावरच्या एका अनोळखी आजोबांना उभं केलं. "धरा यांचा हात. चेहरा जरा दुःखी करा. मी काढते फोटो." नळभाऊंनी हात धरला, चेहराही बऱ्यापैकी पाडला, आणि तेवढ्यात फोन वाजला. कोपऱ्यावरच्या घरात एकट्या राहणाऱ्या मावशी होत्या.

"अरे, पाईप फुटलाय. पाणी पलंगाला लागलं. मला उतरता येत नाही रे!"

एकला सात मिनिटं कमी होती.

"पाच मिनिटं थांबा," बाई कळवळून म्हणाल्या. "दाखला घ्या, मग करा हवी तेवढी सेवा."

नळभाऊंनी घड्याळाकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं. आजोबांचा हात सोडला. "गेला खड्ड्यात दाखला!" म्हणाले आणि धावत सुटले. एक वाजता अर्जावर शेरा पडला: 'अर्जदार तळमळ सिद्ध न करताच निघून गेला.'

जागा रिकामी झाली, फेरनिवडणूक झाली. नवे सभासद सुयोग्य आहेत. फोटोत त्यांनी पाना उलटा धरलाय, पण डोळ्यांत पाणी आहे. मोठ्या लाईनचा प्रस्ताव त्यांनी सखोल अभ्यासाला घेतला असून अभ्यास आणखी चार वर्षं चालेल.

ही हकिगत आजवर पुष्कळांना सांगितली. नळभाऊंची खुर्ची गेली म्हणून लोक फार हळहळतात. कुणी शेजाऱ्याला शिव्या घालतं, कुणी नियमाला हसतं, कुणी विचारतं, निवडून कोण आलं, कुठल्या पक्षाचं. मावशींच्या घरातलं पाणी थांबलं का, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

तुम्हीसुद्धा नाही.