कान टवकारणारी मोटर

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. माझ्या मिशीची शपथ घेऊन सांगतो. (मिशी मी ठेवत नाही, पण ठेवली असती तर तिचीच घेतली असती.) बरं, नव्व्याण्णव टक्के तरी खरी आहे. एक जागा मी पदरची घातली आहे. ती कुठली, ते शेवटी सांगेन, तोवर माझ्या लक्षात राहिली तर.

आम्ही सुरतेत लिंबायतला राहतो, दुसऱ्या मजल्यावर. पाण्याची एक टाकी खाली जमिनीत, दुसरी गच्चीवर, आणि दोघींच्या मध्ये आमचा संसार. गल्लीत घरं कमी आणि कापड विणायचे लूम जास्त. सगळे लूम एकदम चालू झाले की व्होल्टेज असं बसतं की पंख्याची पाती मोजून घ्यावीत, आणि मिक्सर चटणी वाटायचं सोडून कण्हायला लागतो. मोटरचा स्विच तळमजल्यावर, तिथं राहणाऱ्या छगनच्या दाराशेजारी. रोज सकाळी पाणी आलं की प्रमिला, म्हणजे आमची मंडळी, दोन मजले उतरून मोटर लावायची, वर यायची, आणि टाकी भरली की पुन्हा उतरायची.

एकदा चहा पिता पिता मी म्हणालो, "प्रमिला, तुझे हे हाल मला बघवत नाहीत."

"मंग तुम्ही उतरा," ती म्हणाली.

म्हणून मी रिमोट आणायचं ठरवलं.

रिमोट चांगला होता, बटण एकच: एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. खाली मोटरला जोडायचा रिसीव्हरही चांगला होता. फक्त लूम चालू असले की तो ठार बहिरा व्हायचा. प्रमिला वरून बटण दाबतेय, दाबतेय, आणि खाली मोटर समाधीत. दुसऱ्या कोणी तो डबा दुकानदाराच्या तोंडावर मारला असता. पण मी कॉलेजच्या वयात अर्धा वायरमनचा कोर्स केलेला माणूस. (कुठला अर्धा, पहिला की दुसरा, ते आता आठवत नाही.) साडी मार्केटात पार्सलांवर पत्ते घालण्यात आयुष्य गेलं म्हणून काय झालं? आतला इंजिनिअर जागाच होता. मी जाहीर केलं, की व्होल्टेज बघून स्वतःला बदलणारा रिसीव्हर मी डिझाईन करणार.

"म्हंजे काय करणार?" प्रमिलानं विचारलं.

"सोपं आहे. व्होल्टेज पडलं की रिसीव्हरला कमी ऐकू येतं. मग आपण त्याला शिकवायचं, की बाबा, व्होल्टेज पडलं की कान टवकार. अगदी बारीक सिग्नल आला तरी हो म्हण."

"आणि व्होल्टेज वाढलं तर?"

मी नुसता हसलो. लिंबायतमध्ये वाढलेलं व्होल्टेज कोणी पाहिलंय? वाढलेलं भाडं पाहिलंय, वाढलेले पाहुणे पाहिलेत.

"पप्पा, रहेवा दो ने," आमची धनश्री अभ्यासातून मान वर न काढता म्हणाली. ती कॉलेजात गेल्यापासून मला गुजरातीतूनच थांबवते. मराठीतून मी थांबत नाही, हे तिला कळलंय.

मी थांबलो नाही. जेवणाच्या ताटावर सोल्डरिंग केलं. एका उलट्या बसवलेल्या डायोडनं धूर काढला, मी त्याला सुलट बसवला, तेव्हा दुसऱ्यानं काढला. पण शेवटी भर दुपारी, गल्लीतले सगळे लूम धडधडत असताना, प्रमिलानं बटण दाबलं आणि खाली मोटर गुरगुरली! मी इतका खूश झालो की त्याच दिवशी भिंतीवरचा जुना स्विच उचकटून टाकला. आता कशाला हवा?

इथवर सगळं सुरळीत. आता कानबाई.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आम्हा खानदेशी लोकांच्या घरी कानबाई देवी बसते, सगळे भाऊबंद एका घरी जमतात, नैवेद्याचे रोट करतात. आमच्या भाऊबंदांची कानबाई आजवर सुरतेतच बमरोलीला बसायची, पांडुरंगदादाकडे. यंदा पहिल्यांदाच ती आमच्याकडे येणार होती. दादाच्या बायकोला, शांतावहिनींना, हे फारसं पसंत नव्हतं. "दुसरा मजला, एवढी माणसं, पाणी पुरंल का?" असं त्या फोनवर तीनदा म्हणाल्या होत्या. प्रमिलानं तिन्ही वेळा एकच उत्तर दिलं होतं, "ताई, आमनाकडे रिमोट शे."

तर तिची सगळी इज्जत माझ्या डब्यावर टांगलेली.

रविवारी सकाळी पाणी आलं. दोन्ही टाक्या काठोकाठ भरल्या. प्रमिला न्हाऊन, ओलेत्या केसांनी रोटाचं पीठ घेऊन बसली. मी गॅलरीत उभा राहिलो आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पंखा वेड्यासारखा फिरत होता. ट्यूबलाइट डोळ्यांत खुपत होती. मग लक्षात आलं, गल्ली शांत आहे. लूमवरचे सगळे कारागीर आमचेच खानदेशी. कानबाईला कामावर जाणार कोण? गल्लीतला एकूणएक लूम बंद होता, आणि उरलेलं सगळं व्होल्टेज आमच्या घरात घुसलं होतं.

तेवढ्यात खाली मोटर सुरू झाली.

"कोणी बटण दाबलं?" मी ओरडलो.

"माझे हात पिठात शेत!" आतून उत्तर.

मी रिमोट दाबला. मोटर बंद. वळतो तोच चालू. पुन्हा दाबला, बंद. पुन्हा चालू. गच्चीवरची टाकी आधीच भरलेली, ती आता धो धो वाहू लागली. खालून छगन ओरडला, "शालिग्रामभाऊ, पाणी येई राह्यनं! बंद करा!"

"केली बंद!"

"चालू व्हयनी!"

"मग मी आता चालू करतो, म्हणजे बंद होईल!"

"तुम्हनं डोकं फिरनं का?"

मला खरंच काही कळेना. मी दाबलं की चालू होते, की चालू झाली म्हणून मी दाबतो? धनश्री गॅलरीत आली, तिनं गल्लीत नुसता एकदा कान दिला आणि म्हणाली, "पप्पा, जुओ ने! कोणाची पण बेल वाजली की आपली मोटर फिरते!"

तेच होतं. आमच्या गल्लीत घरोघरी एकाच फेरीवाल्याकडून घेतलेल्या बिनतारी बेल आहेत. सणाचे पाहुणे दारोदार बटणं दाबत होते. व्होल्टेज चढल्यावर कान जरा झाकून घ्यायचे, हे मी माझ्या रिसीव्हरला शिकवलंच नव्हतं. त्याचे कान टवकारलेले ते टवकारलेलेच. गल्लीत कोणीही कोणाकडेही गेलं, की आमची मोटर त्यांच्या स्वागताला उठत होती.

मी जिन्यानं खाली धावलो, स्विच बंद करायला. भिंतीवर स्विचच्या जागी चौकोनी भोक होतं.

अखेर छगननं मेन फ्यूज उपटला. तोवर खालची टाकी कोरडी, वरची फक्त तळाशी ओली (मधेच घाबरून गच्चीवर पळून मी तिची तळाची, टाकी रिकामी करायची वॉशआउटची चावीही उलटी फिरवली होती, ते जाऊ द्या), आणि ते सगळं पाणी गच्चीवरून नेमकं रिक्षातून उतरणाऱ्या शांतावहिनींच्या नव्या कोऱ्या साडीवर.

वहिनी वर आल्या. पायऱ्यांवर पाण्याची रेघ. पांडुरंगदादा मागून म्हणाला, "चला, उचला सामान. कानबाई बमरोलीला बसू द्या."

प्रमिलाच्या पुढ्यात पिठाची परात तशीच, कोरडी. तिचे डोळे भरले, तेवढंच काय ते पाणी घरात उरलं होतं.

धनश्री मात्र जिन्यावरून पळाली आणि गल्लीतली प्रत्येक बेल दाबत सुटली. फ्यूज काढलेला, त्यामुळे मोटरला काही ऐकू गेलं नाही. पण दारं उघडली. एकेका दारातून एकेक हंडा निघाला. बायका जिन्यावर उभ्या राहिल्या, हंडा या हातातून त्या हातात. आणि सगळ्यांत वरच्या पायरीवर, पदर खोचून, निथळत, शांतावहिनी!

"अहो वहिनी, तुम्ही साडी तरी बदला," मी म्हणालो.

"राहू द्या, भावजी. तुम्ही दारातच न्हाऊ घातलं, आता सोवळ्यातच शे मी," त्या म्हणाल्या, आणि हंडा प्रमिलाच्या हातात देत पुटपुटल्या, "मळ आता. देवी काय वाट पाहत बसंल?"

कानबाई आमच्याकडेच बसली. रोट फुगले. पुढच्या वर्षीही आमच्याकडेच, असं वहिनींनीच ठरवलं, फक्त माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भावजी त्या दिवशी बमरोलीला राहतील."

रिसीव्हर प्रमिलानं भंगारवाल्याला दिला. भिंतीत नवा स्विच बसला. आता ती वरून हाक मारते आणि मी खाली धावत जाऊन मोटर लावतो. तिचा आवाज कधी मंद असतो, कधी चढलेला. मी दोन्हीला बरोबर ऐकतो. व्होल्टेज बघून स्वतःला बदलणारा रिसीव्हर शेवटी घरातच तयार झाला, असं मी मार्केटात सगळ्यांना सांगतो.

हां, ती पदरची जागा सांगायची राहिली. ती हीच. मोटर मी लावत नाही. त्या स्विचला हात लावायची मला मनाई आहे. मोटर छगन लावतो. प्रमिला मला हाक मारते, आणि मी खिडकीतून छगनला.

रिसीव्हर छगन आहे. मी नुसती मधली वायर.